पान एवढे ऊन वाया का घालवते? उत्क्रांती आणि प्रकाशाची कार्यक्षमता

प्रश्न असा आहे: ऑक्सिजन सोडणारे प्रकाशसंश्लेषण किमान २.४ अब्ज वर्षे जुने आहे. एवढ्या अवधीत नैसर्गिक निवडीने ते घासूनपुसून लख्ख करायला हवे होते. मग चांगले वाढलेले पीकसुद्धा अंगावर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम एक-दोन टक्के ऊर्जा साठवते, हे कसे? उत्क्रांती वनस्पतींना प्रकाश वापरण्यात कार्यक्षम करते की नाही?

थोडक्यात उत्तर: जिथे प्रकाशाची टंचाई असते तिथे करते, आणि तीही थक्क व्हावे इतकी. जिथे प्रकाश मुबलक असतो तिथे करत नाही, कारण तिथे तो वाचवून झाडाच्या पदरात काही पडत नाही. पिकते तिथे विकत नाही, तसे भर दुपारच्या उन्हाला पानाच्या लेखी फारशी किंमत नसते. निवड होते ती पुढच्या पिढीत किती बिया पोहोचल्या यावर. दर चौरस मीटर उन्हामागे किती साखर झाली, हे कोणी मोजत नसते.

मात्र आधी ती 'एक टक्का' ही संख्या नीट उलगडायला हवी. या विषयातले निम्मे वाद भाजक न सांगता टक्केवारी फेकल्यामुळे होतात.

समजा जमिनीवर सौर ऊर्जेचे १०० भाग पडले. वनस्पतींना वापरता येणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्यात फक्त सुमारे ४९ भाग येतात. उरलेले ५१ बहुतांश अवरक्त. त्यातल्या एकेका फोटॉनमध्ये एवढी ऊर्जाच नसते की हरितद्रव्याला हवा तेवढा धक्का बसावा. या ४९ पैकी पाचेक भाग पानावरून परावर्तित होतात किंवा आरपार जातात. उरले ४४. निळ्या फोटॉनमध्ये लाल फोटॉनपेक्षा जास्त ऊर्जा असते, पण हरितद्रव्य ती जादा ऊर्जा क्षणार्धात उष्णता म्हणून टाकून देते आणि पुढचे काम लाल फोटॉनइतक्याच ऊर्जेवर चालते. यात सुमारे ७ भाग जातात. उरले ३७. आता मोठी घट. या ऊर्जेतून एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जावाहक रेणू तयार करून त्यांच्या साहाय्याने कर्बोदक बांधताना सुमारे २५ भाग खर्च होतात आणि १२.६ उरतात. गहू-भातासारख्या सी-३ वनस्पतींत (ज्यांत बांधलेल्या कार्बनचे पहिले संयुग तीन कार्बनचे असते) प्रकाशश्वसन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडला गेल्यामुळे होणारा तोटा, आणखी ६ भाग खाते. शेवटी रोजचे श्वसन २ भाग घेते. हातात राहतात ४.६ भाग. मका-उसासारख्या सी-४ वनस्पतींत प्रकाशश्वसन जवळपास नसते, पण त्यांची बांधणी महाग असते. तिथे ६ भाग उरतात. हा हिशेब ३० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेत दशलक्षात ३८० भाग कार्बन डायऑक्साइड धरून मांडलेला आहे. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात संपूर्ण हंगामात नोंदलेल्या उत्तम कामगिऱ्या सी-३ मध्ये २.४ आणि सी-४ मध्ये ३.७ टक्क्यांच्या आसपास आहेत.

म्हणजे '१ टक्का' ऐकून ९९ टक्के नालायकी समजू नये. सुरुवातीचे ५१ भाग तर मुळात दुसऱ्याच चलनातले आहेत. तुलना करायची ती ४.६ शी.

आता एका शेताचे उदाहरण घेऊ. पिकाने अडवलेल्या दर मेगाज्यूल सौर ऊर्जेमागे साधारण १.४ ग्रॅम कोरडा जैवभार तयार होतो. जॉन माँटीथ यांनी १९७७ साली ब्रिटनमधल्या पिकांवरून हा आकडा मांडला आणि निरोगी सी-३ पिकांना तो अजूनही बऱ्यापैकी लागू पडतो. कोरड्या जैवभारात ग्रॅममागे सुमारे १७ किलोज्यूल ऊर्जा धरली, तर १.४ ग्रॅम म्हणजे २४ किलोज्यूल, अर्थात २.४ टक्के. हे अडवलेल्या प्रकाशाचे. पण पीक पहिल्या दिवसापासून जमीन झाकत नाही. १२० दिवसांचा हंगाम, रोज २० मेगाज्यूल, म्हणजे चौरस मीटरवर एकूण २४०० मेगाज्यूल पडले आणि सरासरी ६० टक्के अडले असे धरा: १४४० मेगाज्यूल, सुमारे २०१६ ग्रॅम जैवभार, ३४ मेगाज्यूल साठवण. पडलेल्या उन्हाच्या १.४ टक्के. त्यातला निम्माच भाग दाण्यात जातो, म्हणजे ०.७ टक्के. वर्षाचे उरलेले दिवस शेत मोकळे राहिले आणि भाजकात पूर्ण वर्षाचे ७३०० मेगाज्यूल घेतले, तर दाण्यातली साठवण ०.२३ टक्क्यांवर येते. पीक तेच, पान तेच, एन्झाइमही तेच. आकडा मात्र २.४ वरून दहा पटींनी घसरला. यातली बरीचशी घसरण 'पान कुठे नव्हते' याची आहे. पान कसे काम करते, याचा तिच्याशी संबंध नाही.

आता खुद्द यंत्राकडे पाहू. पाण्यापासून इलेक्ट्रॉन काढून एका कार्बन डायऑक्साइड रेणूचे क्षपण करायला चार इलेक्ट्रॉन लागतात, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनला दोन प्रकाशप्रणालींतून (प्रकाश पकडून इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या प्रथिनसंकुलांतून) जावे लागते. म्हणजे सैद्धांतिक किमान ८ फोटॉन. (ऑटो वॉरबर्ग हे नोबेलविजेते शास्त्रज्ञ ४ फोटॉन पुरतात यावर अडून बसले होते, रॉबर्ट इमर्सन यांच्या मोजमापांनी तो दावा मोडला. दोन प्रकाशप्रणाली असाव्यात हा सुगावाही इमर्सन यांच्याच १९५० च्या दशकातल्या प्रयोगांतून लागला.) प्रकाशश्वसन दाबण्यापुरता भरपूर कार्बन डायऑक्साइड देऊन, मंद प्रकाशात, निरोगी पानाचे मोजमाप केले तर प्रत्यक्षात किती फोटॉन लागतात? ओले ब्योर्कमन आणि बार्बरा डेमिग यांनी १९८७ मध्ये ३७ सी-३ प्रजातींवर ते मोजले: शोषलेल्या दर फोटॉनमागे ०.१०६ ऑक्सिजन रेणू, म्हणजे दर रेणूमागे ९.४ फोटॉन. प्रजाती वाळवंटापासून गर्द सावलीपर्यंतच्या, तरी त्यांच्यातला फरक नगण्य. किमान मर्यादा ८, प्रत्यक्ष ९.४. उत्क्रांतीने यंत्राचा हा भाग जवळजवळ टोकाला नेऊन ठेवला आहे आणि सगळ्या वनस्पतींत तो तसाच राखला आहे.

हेच पान साध्या हवेत, २५-३० अंशांवर, मंद प्रकाशात मोजा. एका कार्बन डायऑक्साइड रेणूला सुमारे १८ फोटॉन लागतात. बराचसा फरक प्रकाशश्वसनाचा. आणि तेच पान भर दुपारच्या उन्हात ठेवा. पूर्ण सूर्यप्रकाशात चौरस मीटरवर सेकंदाला साधारण २००० मायक्रोमोल (फोटॉन किंवा रेणू मोजायचे एकक) वापरण्याजोगे फोटॉन पडतात. पानाने त्यातले १७०० शोषले आणि २५ मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड बांधला, तर एका रेणूमागे ६८ फोटॉन झाले. ९.४, १८ आणि ६८: पान एकच, परिस्थिती तीन. 'कार्यक्षमता किती' या प्रश्नाला एकच उत्तर का नसते, ते इथे दिसते.

मग दुपारचे ६८ फोटॉन उत्क्रांतीला खुपत का नाहीत? कारण सी-३ पानाचा प्रकाशप्रतिसाद बहुधा ५०० ते १००० मायक्रोमोलच्या दरम्यान सपाट होतो. त्यापुढे अडथळा प्रकाशाचा नसतो. कार्बन डायऑक्साइड आत येण्याचा वेग आणि तो बांधणाऱ्या रुबिस्को एन्झाइमचे प्रमाण, हे दोन अडथळे असतात. कुणी म्हणेल, मग रुबिस्को वाढवावे. पण पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत हेच एक प्रथिन आधीच असते, आणि पानातल्या नायट्रोजनपैकी सुमारे तीन चतुर्थांश हरितलवकांत अडकलेला असतो. दुपारच्या दोन-तीन तासांच्या उन्हासाठी ही यंत्रणा दुप्पट करायची, आणि सकाळ, संध्याकाळ, ढगाळ दिवस व सावलीच्या वेळी ती बसवून पोसायची. तोच नायट्रोजन मुळांत, बियांत किंवा आणखी एका पानात घालणारी वनस्पती पुढे निघून जाते. पर्णरंध्रे अधिक उघडायची म्हटली तर पाणी जाते. आत्ताच सी-३ पीक एक किलो कोरड्या जैवभारासाठी साधारण ३०० ते ६०० लिटर पाणी हवेत सोडते. बहुतेक ठिकाणी आणि बहुतेक दिवशी झाडाला तुटवडा पाण्याचा व नायट्रोजनचा असतो, प्रकाशाचा नाही. त्यामुळे काटकसरही पाण्याची आणि नायट्रोजनची होते.

वापरता न येणारा प्रकाश नुसता वाया जात नाही, तो घातकही असतो. उत्तेजित हरितद्रव्याला ऊर्जा पुढे देता आली नाही तर ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप तयार होते आणि दुसऱ्या प्रकाशप्रणालीतले डी-१ हे प्रथिन मोडते. तीव्र उन्हात डी-१ अर्ध्या तासापासून काही तासांत बदलावे लागते. प्रकाशसंश्लेषण म्हणजे चालत्या गाडीची दुरुस्ती आहे म्हणा ना. म्हणून पानात सुरक्षा-झडप असते. प्रकाश वाढून हरितलवकाच्या आतली आम्लता वाढली की पीएसबीएस नावाचे प्रथिन जागे होते, व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचे झिआझँथिन होते आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून निघून जाते. ही झडप उघडते झटपट, पण बंद व्हायला मिनिटे लागतात. ढग आला, किंवा वरच्या पानाची सावली पडली, तरी पान काही काळ ऊर्जा फेकतच राहते. पिकाच्या गर्दीत पानांवरची ऊन-सावली सतत हलत असल्याने दिवसभराच्या संभाव्य कार्बनग्रहणापैकी १० टक्क्यांहून बरेच अधिक यात बुडू शकते, असे गणिती प्रतिरूपांवरून दिसते.

इथे उत्क्रांतीने खरोखरच ढिलाई ठेवली आहे का, हे तपासून झाले आहे. २०१६ मध्ये तंबाखूत या झडपेशी संबंधित तीन जनुकांची मात्रा वाढवून ती लवकर बंद होईल असे केले, तेव्हा शेतातल्या चाचणीत कोरडे वजन १४ ते २० टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये सोयाबीनवरच्या अशाच कामात जनुके बदललेल्या काही वाणांत बियांचे उत्पादन ३३ टक्क्यांपर्यंत वाढले; पण पुढच्या हंगामात पीक लोळले आणि उत्पादनातला फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तीच जास्त बोलकी आहे: पानातला फायदा दाण्यापर्यंत पोहोचायला खोड, मुळे, वारा, पाऊस या सगळ्यांची साथ लागते. रानटी पूर्वजाला बेभरवशाच्या हवेत झडप थोडी जास्त वेळ उघडी ठेवणे हा स्वस्त विमा वाटला असेल, तर नवल नाही.

रुबिस्कोबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण 'उत्क्रांती आंधळी असते' म्हणणारे आणि 'उत्क्रांतीने सगळे परिपूर्ण केले' म्हणणारे, दोघेही याचेच उदाहरण देतात. हे एन्झाइम मंद आहे. वनस्पतींत प्रत्येक सक्रिय स्थळ सेकंदाला तीनच्या आसपास रेणू हाताळते. शिवाय त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक पक्का कळत नाही. आजच्या हवेत, २५ अंशांवर, साधारण दर चार-पाच क्रियांमागे एकदा ते चुकून ऑक्सिजन पकडते. त्यातून निघालेला निरुपयोगी पदार्थ पुन्हा मार्गी लावायला हरितलवक, पेरॉक्सिसोम आणि तंतुकणिका अशी तीन ठिकाणी वारी करावी लागते. वाटेत ऊर्जाही जाते आणि बांधलेला कार्बनही सुटतो. तापमान वाढले की चूक वाढते. रुबिस्को घडले तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे फरक कळण्याची गरजच नव्हती. नंतर ऑक्सिजन वाढत गेला आणि निवडीने या एन्झाइमला ओळख आणि वेग यांच्यातल्या तडजोडीवर आणून ठेवले: ओळख पक्की केली की वेग कमी होतो, वेग वाढवला की चुका वाढतात. निरनिराळ्या जीवांतले रुबिस्को आपापल्या पेशीतल्या कार्बन डायऑक्साइडच्या पातळीनुसार या तडजोडीवर वेगवेगळ्या जागी बसलेले आढळतात.

इथवर ऐकले की वाटते, म्हणजे रुबिस्को परिपूर्णच आहे. पण काही लाल शैवालांतले रुबिस्को फरक ओळखण्यात जमिनीवरच्या वनस्पतींच्या दुप्पट आणि त्याहूनही सरस आहे, आणि निदान एका प्रजातीत वेगही फारसा कमी नाही. ते वनस्पतींनी का उचलले नाही? कारण वनस्पती हिरव्या शैवालांच्या वंशातल्या. उत्क्रांतीला शेजारच्या घरातले चांगले भांडे उसने आणता येत नाही. घरात आहे त्यालाच ठोकून आकार द्यावा लागतो. लाल शैवालाचे जनुक प्रयोगशाळेत तंबाखूच्या हरितलवकात घालून पाहिले, तेव्हा प्रथिन तयार झाले पण त्याची जुळणी झाली नाही. त्याची घडी घालणारे मदतनीस प्रथिन तिथे नव्हते.

एन्झाइम सुधारता येत नसेल तर त्याच्याभोवतीची हवा बदलावी, हा मार्ग मात्र निवडीला ६० हून अधिक वेळा स्वतंत्रपणे सापडला. हाच सी-४ मार्ग. बाहेरच्या पेशींत दुसरे एन्झाइम कार्बन पकडते, चार कार्बनचे आम्ल आतल्या पेशींकडे जाते, आणि तिथे कार्बन डायऑक्साइड सोडून रुबिस्कोभोवती त्याची दाटी केली जाते. ऑक्सिजनला जागाच उरत नाही. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला, त्या सुमारास याची सुरुवात झाली. मग सगळ्याच वनस्पती सी-४ का झाल्या नाहीत? कारण दर कार्बनमागे दोन जादा एटीपी मोजावे लागतात. ऊन भरपूर आणि तापमान चढे असेल तर ही किंमत प्रकाशश्वसनाच्या तोट्यापेक्षा कमी पडते. थंड किंवा सावलीच्या जागी जास्त पडते. मंद प्रकाशात दोघांची बरोबरी साधारण २२ ते ३० अंशांच्या पट्ट्यात होते. त्याखाली सी-३ सरस. फुलझाडांच्या प्रजातींपैकी सी-४ अवघ्या तीनेक टक्के आहेत, पण जमिनीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला त्यांचा वाटा पाचव्या हिश्शाहून जास्त आहे.

आणखी एक बाब सहसा निसटते. गेल्या ८ लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात १८० ते ३०० भाग एवढाच होता. गेल्या दोन शतकांत तो २८० वरून ४२० च्या पुढे गेला. पानातले नायट्रोजनचे वाटप जुन्या हवेला बेतलेले आहे. नव्या हवेसाठी ते कुठेकुठे चुकीचे ठरते, आणि हा दोष निवडीच्या माथी मारता येत नाही. तिला तेवढा वेळच मिळालेला नाही.

आता असा मुद्दा, जो माझ्या दृष्टीने सगळ्यांत वजनदार आहे आणि रेणूंच्या चर्चेत बुडून जातो: शेत किंवा रान एकत्र म्हणून जास्तीत जास्त ऊन वापरते का, याकडे निवड बघतच नाही. ती बघते, मी शेजाऱ्यापेक्षा पुढे आहे का. वरच्या पानांना पेलवत नसलेला प्रकाशही त्यांनी शोषला, तर तो शेजाऱ्याला मिळत नाही. म्हणून पाने गडद हिरवी, रुंद आणि आडवी. म्हणून खोड उंच. रानातली सगळी झाडे कमरेइतकीच उंच राहायचे ठरवती तरी ऊन तेवढेच मिळाले असते आणि लाकूडकामाचा सगळा खर्च वाचला असता; पण असा करार निसर्गात टिकत नाही, कारण तो मोडणाऱ्याचा फायदा होतो.

हे गणितात बघू. पानांच्या थरांतून प्रकाश घातांकी रीतीने घटत जातो, हे मोंसी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये मांडले. आडव्या पानांचा क्षय-गुणांक (पानांच्या थरांत प्रकाश किती झपाट्याने घटतो, त्याचे माप) ०.८ आणि उभट पानांचा ०.४ धरा. आडव्या पानांच्या पिकाने पर्णक्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या दर चौरस मीटरवर पाने किती चौरस मीटर) ३ असतानाच ९१ टक्के प्रकाश अडवला. उभट पानांना तेवढ्यासाठी ६ लागतो. पहिल्यात वरच्या पानाच्या दर चौरस मीटरवर २००० पैकी १६०० मायक्रोमोल आदळतात आणि निम्मे वाया जातात. दुसऱ्यात ८०० पडतात, म्हणजे जवळपास पेलेल तेवढेच, आणि उरलेले खालच्या भुकेल्या पानांपर्यंत पोहोचतात. एकत्रित उत्पादन दुसऱ्याचे जास्त. पण दोन्ही एकाच वाफ्यात मिसळून लावा, उभट पानांचे रोप आडव्याच्या सावलीत जाते आणि हरते.

१९६० च्या दशकात फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत नेमके हेच करून पाहिले गेले. स्वतंत्र लावल्यावर सर्वाधिक उत्पादन देणारे बुटके वाण उंच, पसरट, कमी उत्पादनाच्या वाणांत मिसळून, प्रत्येक पिढीचे बियाणे पुन्हा पेरत गेले. काही पिढ्यांतच बुटके वाण जवळपास नाहीसे झाले. १९६८ मध्येच कॉलिन डोनाल्ड यांनी गव्हाचा आदर्श नमुना मांडताना हेच सूत्र धरले होते: चांगले पीक-रोप हे कमकुवत स्पर्धक असायला हवे. १९६६ चा आयआर-८ भात किंवा नोरिन-१० या जपानी वाणापासून आलेले बुटके गहू यांनी उत्पादन वाढवले ते पानातले प्रकाशसंश्लेषण सुधारून नव्हे. खोडात जाणारा वाटा दाण्याकडे वळला. कापणी निर्देशांक, म्हणजे एकूण जैवभारातला दाण्याचा वाटा, ०.३ वरून ०.५ च्या आसपास गेला. म्हणजे पैदासकाराने निवडीचा तंटा मिटवला आणि वाचलेली ऊर्जा उचलली. हरितद्रव्य निम्म्याने कमी असलेल्या फिकट सोयाबीनमध्येही शेताचे एकूण प्रकाशसंश्लेषण फारसे घटत नाही, हे मोजलेले आहे. गडदपणातला बराच भाग शेजाऱ्यासाठी असतो.

'पाने हिरवा प्रकाश परतवतात, ही मोठी चूक नाही का?' हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून उरकून घेतो. पान हिरव्या प्रकाशाचा बहुतांश भाग, साधारण ८० टक्के किंवा जास्त, शोषतेच. डोळ्याला हिरवे दिसते ते लाल-निळ्याच्या मानाने परत येणाऱ्या जादा अंशामुळे. लाल आणि निळा प्रकाश वरच्या थरात संपतो, हिरवा खोलवर जातो. त्यामुळे कडक उन्हात खालच्या पेशींना तोच जास्त उपयोगी पडतो. ७०० च्या पलीकडचा प्रकाश वापरता आला तर काय, हा जास्त चांगला प्रश्न. ७५० नॅनोमीटरपर्यंत मजल गेली तर उपलब्ध फोटॉन सुमारे १९ टक्क्यांनी वाढतात. हरितद्रव्य-ड आणि हरितद्रव्य-फ असलेले सायनोबॅक्टेरिया ते करतात, आणि करतात कुठे, तर दुसऱ्या प्रकाशसंश्लेषी जीवांच्या खाली, जिथे दृश्य प्रकाश आधीच गाळून घेतला गेला आहे. पुन्हा तेच: टंचाई तिथे युक्ती.

सौरफलकाशी तुलनाही जपून करावी. फलकाचे २० टक्के ही वीज आहे. पानाचे फार तर ४ टक्के हे वर्षानुवर्षे टिकणारे इंधन. विजेपासून हायड्रोजन करून मोजले तरी फलक पुढेच राहतो, हे मान्य. पण फलक बीजातून उगवत नाही आणि स्वतःचे डी-१ स्वतः बदलत नाही.

ज्यांना हे आकडे स्वतः काढायचे आहेत त्यांच्यासाठी मोजमापाच्या रीती आणि नेहमीच्या चुका.

यंत्राची मूळ क्षमता बघायची तर स्पंदित फ्लुरोमीटर घ्या. हरितद्रव्य शोषलेल्या ऊर्जेचा थोडा भाग मंद लाल प्रकाश म्हणून परत सोडते, ती प्रतिदीप्ती हे यंत्र मोजते. पान २० ते ३० मिनिटे पूर्ण अंधारात ठेवा, मग किमान प्रतिदीप्ती आणि साधारण एका सेकंदाच्या तीव्र स्पंदातली कमाल प्रतिदीप्ती मोजा. दोहोंतला फरक भागिले कमाल, हे गुणोत्तर निरोगी पानात ०.८३ च्या आसपास येते. ०.७५ च्या खाली असेल तर दोन शक्यता: पान ताणाखाली आहे, किंवा तुम्ही अंधाराची घाई केली. भर उन्हातून तोडलेल्या पानाला ३० मिनिटेही अपुरी पडतात. अशा वेळी पहाटेपूर्वी मोजणे उत्तम. आणि ०.८३ म्हणजे ८३ टक्के ऊर्जा-कार्यक्षमता, असे कृपया लिहू नका. ते फक्त दुसऱ्या प्रकाशप्रणालीत पोहोचलेल्या फोटॉनचे, अंधारातून नुकत्याच आलेल्या पानातले, पहिल्या पायरीचे यश आहे.

एका कार्बनमागे किती फोटॉन, हे काढायला वायू-विनिमय यंत्रावर प्रकाशप्रतिसाद वक्र घ्या. पानाचे तापमान २५ अंश आणि कक्षातला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४०० भाग स्थिर ठेवा. १५०० मायक्रोमोल प्रकाशापासून सुरू करून उतरत्या क्रमाने या. चढत्या क्रमाने गेलात तर पर्णरंध्रे उघडायला वेळ लागतो आणि मधले बिंदू खोटे पडतात. प्रत्येक पायरीवर आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. उतार काढताना ३० ते १५० मायक्रोमोल एवढाच पट्टा वापरा. २०-३० च्या खाली श्वसन बदलल्यामुळे उतार तीव्र होतो (याला कॉक परिणाम म्हणतात) आणि तो धरला तर पान आहे त्याहून कार्यक्षम दिसते. पडलेल्या प्रकाशाला पानाच्या शोषणांकाने, साधारण ०.८४ ने, गुणायला विसरू नका. फिकट किंवा लवदार पानासाठी मात्र शोषणांक प्रत्यक्ष मोजावा लागतो.

शेताच्या पातळीवर: पिकाच्या वर एक आणि तळाशी दांडीच्या आकाराचा एक असे प्रकाशसंवेदक लावा, आठवडा-दहा दिवसांनी एक चौरस मीटरचे नमुने कापा, ६५ ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा (बहुधा ४८ तासांहून जास्त), आणि एकत्रित जैवभार एकत्रित अडवलेल्या प्रकाशासमोर मांडून सरळ रेषेचा उतार घ्या. बांधाकडच्या ओळींतून नमुना घेतला तर बाजूने येणारा प्रकाश हिशेबात येत नाही आणि उतार फुगतो. मुळे आणि गळलेली पाने सोडली तर तो घटतो. तेलबियांत दाणे भरताना उतार खाली येतो, पण तो पानाचा दोष नव्हे. स्निग्ध पदार्थात ग्रॅममागे ३७-३९ किलोज्यूल असतात, पिष्टात १७, त्यामुळे तिथे ग्रॅमऐवजी ज्यूलमध्येच हिशेब करावा. आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकूण सौर ऊर्जा आणि ४००-७०० नॅनोमीटरचा प्रकाश यांची सरमिसळ. पहिल्याला धरून आलेले १.४ आणि दुसऱ्याला धरून आलेले २.८ हे एकाच शेताचे आकडे असतात. दोन वाणांची तुलना वाचताना आधी एकक तपासा, कारण दुप्पट 'सुधारणा' कधीकधी फक्त संवेदक बदलल्याची असते.